स्पिरिट लावायचं नाही

पोलिसांसाठी रक्त घ्यायचं असेल
तर हाताला स्पिरिट लावायचं नाही.
साध्या पाण्याचा बोळा, कोरडं पुसणं, मग सुई.
नाहीतर कोर्टात वकील म्हणतो,
दारू होती ती सिस्टरच्या कापसात.
हे मला लिसम्मा सिस्टरने शिकवलं, वाशीला,
नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात.
वर म्हणाली, नाकाने निदान करू नकोस.

तेव्हा ते डोक्यात शिरलं नाही.
मग एका होळीच्या रात्री
तुर्भ्याच्या मार्केटातला एक हमाल आला, टेम्पोने उडवलेला.
वास इतका की वॉर्डबॉयने तोंड फिरवलं.
उतरेल सकाळपर्यंत, म्हणत
आम्ही त्याला भिंतीकडे सरकवला,
कुशीवर, खाली टब ठेवून.
घोरत होता.
चार वाजता घोरणं थांबलं
आणि पापणी उचलून बघितली तर
उजवी बाहुली शर्टाच्या बटणाएवढी.
दारू होतीच त्याच्यात.
तिच्या आडोशाला कवटीत रक्तही साठत होतं.
आम्ही ओळखलं ते फक्त दारूला.

आता निमिष डॉक्टरांचा थीसिस चालू आहे.
एका रकान्यात रक्तातली दारू,
शेजारच्या रकान्यात जखमांचा आकडा.
तो कसा काढतात हे त्यांनी मला दाखवलं
डब्याखाली अंथरलेल्या पेपरच्या कडेला:
शरीराचे भाग पाडायचे,
त्यातले सगळ्यात वाईट तीन घ्यायचे,
प्रत्येकाचा वर्ग करायचा, मग बेरीज.
पंच्याहत्तरच्या पुढे हे गणित जात नाही.
का, ते मी विचारलं नाही.
भेंडीची भाजी होती त्या दिवशी.

काल पहाटे पामबीचवरून चौघे आले.
सारसोळेच्या पुढे गाडी दुभाजक चढून झाडाला.
कोणाची तरी हळद होती,
सगळ्यांच्या शर्टांवर पिवळे पंजे.
चालवणारा हरेश्वर: कपाळाला दोन टाके, मनगट मोडलेलं.
एक आणि चार, पाच.
मागे बसलेला प्रणीत:
डोकं पंचवीस, छाती सोळा, मांडी नऊ.
पन्नास.
वहीत सगळ्यांचंच रक्त लागतं.
त्याच्या कोपरावर मी पाण्याचा बोळा फिरवला, दोनदा, तीनदा,
हळद निघेना.

हरेश्वर भिंतीला टेकून बोलत होता,
कोणी काही विचारलेलं नसताना:
तो पीत नाय ओ. रात्रभर थम्सअपवर होता.
आम्ही बोललो पण त्याला, तूच चालव आज.
त्याला गाडी येत नाय.

मग त्याचे काका आले, पांढरी चप्पल, दोन मोबाइल.
ताई, वास येतो असं लिहू नका,
विमा अडकतो, तुम्हाला तर माहीतच आहे.
मी लिहिलं.
मागे एकदा नव्हतं लिहिलं,
एका रिक्षावाल्याची बायको समोर उभी होती, कडेवर पोर.
हे अजून कोणाला सांगितलेलं नाही,
लिसम्मालाही नाही.
ती गेल्या वर्षी रिटायर होऊन कोट्टयमला गेली.

प्रणीतची आई सात वाजता आली, दिवाळे गावातून,
केसांना फणी न लावता, हातात त्याचं आधारकार्ड.
मला वाटलं आता विचारेल, वाचेल का.
मी उत्तर जुळवत होते.
तिने माझं मनगट धरलं.
पिला होता काय गं?
नाही, काकी.
खरं सांग.
एक थेंबही नाही.
तिने श्वास सोडला, बाकड्यावर टेकली.
बापासारखा नाय निघाला, म्हणाली.
आणि मग विचारलं,
कुठं ठेवलाय त्याला.